तिसरी टक

शर्टांचा मुकादम पिशवी चाचपत म्हणाला, "वहिनी, या खेपेलाही बटणं कमी. तुमच्याकडे उंदीर बटणं खातात का?"

"खात नसतील," शिवणारी बाई म्हणाली. "लावायला नेत असतील. थंडी पडलीय."

मुकादम हसला. ती हसली नाही. बटणं जातात कुठे, हे तिलाही कळत नव्हतं.

*

घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा आयुष्यभर बसमधून एक थांबा पुढे जाऊन उतरला. त्याच्या थांब्याच्या नावातलं पहिलं अक्षर त्याच्या तोंडातून निघायचं नाही. पुढच्या थांब्याचं नाव सोपं होतं. तेवढं अंतर तो मागे चालत यायचा. कोणी विचारलं तर म्हणायचा, "प-पाय मोकळे करतो."

*

एका बसक्या मेजाच्या उजव्या कोपऱ्यात बोराएवढा खळगा पडला आहे. तिथे कधी हातोडी चालली नाही, छिन्नी चालली नाही. फक्त पेन्सिल. तीही उलटी धरलेली.

*

कब्रस्तानच्या राखणदाराने जुनी बादली उपडी करून एका कबरीशेजारी ठेवली. दुसऱ्या दिवशी तिची कड हाताला कापेल असं त्याला वाटलं, म्हणून तिच्यावर त्याने सायकलची फाटकी ट्यूब गुंडाळली.

*

"याचा अर्थ काय?" नव्या आपाने विचारलं.

वर्ग हसला. मग एक हुशार मुलगा उठून म्हणाला, "अर्थ कपाटात असतो, आपा. किल्ली उस्तादांकडे आहे."

*

टक.

*

आता सरळ सांगतो.

मशिदीच्या मागच्या अंगाला लांबट खोली आहे. शाळा सुटल्यावर वस्तीतली मुलं तिथे दीनचं, म्हणजे धर्माचं, शिकायला येतात. मुलं आणि मुली, मध्ये पडदा. दोन चटया: पुढची, आणि मागे पडलेल्यांची खालची. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा होते, आणि ती आईबापांसमोर होते. मूल उभं राहून पाठ केलेलं अरबी म्हणतं. चूक झाली की उस्ताद पेन्सिल उलटी धरून मेजावर आपटतात. टक. तीन वेळा झालं की मूल थांबतं, आणि मुलाचा बाप भरल्या खोलीत उभा राहतो. सगळी परीक्षा संपेपर्यंत त्याने तसंच उभं राहायचं. मूल खालच्या चटईवर जातं. पुढच्या वर्षी पुन्हा तेच झालं तर चटईवरूनच उठतं. मग त्याला कोणी बोलावत नाही.

हे कुठे लिहिलेलं नाही. कोणत्या ग्रंथात नाही, कोणत्या आज्ञेत नाही. पण खोलीतल्या प्रत्येक बापाला वाटतं की हे असंच असतं, कारण त्याच्या बापाच्या वेळीही असंच होतं.

उस्ताद वाईट माणूस नव्हते. त्यांचा आवाज असा, की रस्त्यावरून जाणारे पाय थांबायचे. मुलं आजारी पडली तर ते घरी जाऊन दुआ म्हणून दम फुंकून यायचे, आणि येताना औषधही घेऊन यायचे. पण मूल अडलं की त्यांच्या तोंडून एक वाक्य ठरल्यासारखं निघायचं. त्यांच्या उस्तादांच्या तोंडूनही तेच निघायचं.

"इथे अडलास, तर कबरीत काय सांगशील?"

मुलांना ठाऊक असतं की माणूस मातीत गेला की दोन फरिश्ते येतात आणि तीन प्रश्न विचारतात. तुझा पालनकर्ता कोण. तुझा धर्म कोणता. तुझा पैगंबर कोण. उत्तरं सोपी आहेत. खालच्या चटईवरच्या पोरांनाही येतात.

येतात, पण म्हणता आली पाहिजेत.

*

तिला घरात सगळे सुई म्हणायचे, अंगाने तशी बारीक म्हणून. वय आठ. आई घरी बसून कारखान्याच्या शर्टांना बटणं लावते, बाप खिडक्यांना काचा बसवतो. आणि घड्याळं दुरुस्त करणारे, एक थांबा पुढे उतरणारे ते तिचे आजोबा.

बोलणं तिने आजोबांकडून उचललं होतं. म्हणजे अडणं. शब्दाच्या दारात पाय अडकायचा, मान एका बाजूला वळायची, डोळे मिटायचे, आणि मग शब्द एकदम धडपडत बाहेर यायचा. दोघं एकमेकांशी बोलायला बसली की आई म्हणायची, "यांच्या गप्पा संपेपर्यंत माझं डझनभर होतं." पण त्या दोघांना घाई नसायची. एक अडलं की दुसरं थांबायचं. घरात एवढी दोनच माणसं अशी होती जी दुसऱ्याचं वाक्य पुरं करून टाकत नव्हती.

मदरशातली पोरं मात्र थांबायची नाहीत.

"सुई, धागा अडकला का गं?"

"ओला करून बघ."

गेल्या परीक्षेत तिला तीन टक पडल्या. बाप उभा राहिला. उंच माणूस, त्यामुळे सगळ्यांना दिसला. दोघं घरी आली. दारात चपला काढताना एवढंच म्हणाला, "आमच्या घरात दर पिढीला एक जण उभाच."

आजोबा खाटेवर घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. तेही याच खोलीत शिकले होते. लहानपणीच चटईवरून उठले, आणि नंतर फक्त नमाजाला जायचे, मागच्या रांगेत.

थंडीच्या सुरुवातीला ते गेले. दुपारी घड्याळ कानाशी धरलं आणि तसेच कलंडले. माणसं त्यांना घेऊन गेली. बायका घरात राहिल्या. सुईने बापाचा सदरा धरला.

"म-मी पण."

"मुली नाही येत, बेटा."

"अब्बा, त्यांना क-कोण..."

"नंतर. नंतर बोलू."

नंतर कोणी बोललं नाही. तिला विचारायचं होतं ते असं: फरिश्ते विचारतील तेव्हा आजोबांना वेळ कोण मागून देणार? दुकानात त्यांच्या वतीने अब्बा बोलायचे. बसमध्ये पुढचा थांबा होता. आता तिथे पुढचा थांबा कुठला?

*

मदरशातून घरी यायच्या वाटेवर कब्रस्तान आहे. दुसऱ्याच दिवशी ती फाटकातून आत शिरली. ताज्या मातीची एक कबर होती. ती तिच्यापाशी उकिडवी बसली आणि जमिनीशी तोंड नेऊन उत्तरं सांगू लागली. हळू. चुकली की पहिल्यापासून.

राखणदार झाडत होता. त्याने ऐकलं.

"आ-आजोबा, मी म्हणते. त-तुम्ही माझ्या मागून म्हणा."

तिन्ही उत्तरं न चुकता झाली की ती मुठीतलं बटण मातीत दाबायची. पांढरं, चार भोकांचं. म्हणजे आजचं झालं. पण आजोबांनी मागून म्हटलं की नाही हे वरून कळत नव्हतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा.

राखणदाराला तीन मुलगे होते, तिघेही लांब. त्याने तिला हटकलं नाही. बादली आणून ठेवली.

*

मुलं जिला आपा, म्हणजे ताई, म्हणायची ती बाहेरगावाहून आली होती. मदरशाच्या कमिटीनेच तिला बोलावलं होतं: मुलांना दीन किती येतो, त्याची नीट तपासणी करून द्या. कमिटीचे अध्यक्ष लाकडाचे व्यापारी. त्यांना आकडे हवे होते, दुसऱ्या मोहल्ल्याच्या मदरशापेक्षा चांगले.

ती मुलांना एकेक करून कोपऱ्यात घेऊन बसायची. म्हणायला लावायची, मग विचारायची, हे म्हणजे काय? मुलं सरसर म्हणायची, पाणी वाहावं तशी. आणि दुसऱ्या प्रश्नाला गप्प. एकाला वाटत होतं की रोजच्या नमाजातल्या ओळी म्हणजे अल्लाहच्या घराचा पत्ता आहे. एक मुलगी म्हणाली, "अर्थ आला तर पाप लागतं ना?" तेविसावा धडा सगळ्यांना येत होता, कारण तो छोटा होता आणि परीक्षेत हमखास विचारला जायचा. त्याचा अर्थ एकालाही येत नव्हता.

सुई समोर येऊन बसली. काही म्हणाली नाही. आपाने घाई केली नाही, वाट पाहिली. बऱ्याच वेळाने पोरीने मान वळवली, डोळे मिटले.

"आपा, ए-एखादा अडला, तर क-किती वेळ थांबतात?"

आपाला वाटलं, परीक्षेचं विचारतेय. बाहेर दुसरी मुलं ताटकळली होती. तिने आपुलकीनेच सांगितलं, "तीन टक होईपर्यंत, बाळ. नियमच आहे तसा. घाबरू नकोस."

त्या संध्याकाळी सुई कबरीपाशी गेली, पण तिने उत्तरं सांगितली नाहीत. नुसती बसली. थंडीच्या सुरुवातीपासून इतके दिवस झाले होते. आजोबांच्या तीन टक कधीच होऊन गेल्या असणार.

घरी आल्यावर तिने बोलणं सोडलं. अडत अडत नाही, अजिबातच.

*

आईला आधी वाटलं घसा बसला. मग वाटलं रुसलीय. बाप रोज संध्याकाळी तेविसावा धडा घ्यायला बसायचा, आणि ती भिंतीकडे बघायची.

"म्हण. एकदा म्हण. मी पुन्हा उभा राहणार नाहीये, सांगून ठेवतो."

"ओरडू नका हो तिच्यावर."

"मी ओरडतोय? चार लोकांत मान खाली घालून कोण उभं राहतं? तू पडद्यामागे असतेस."

धुवायला घेतलेल्या फ्रॉकच्या खिशातून आईच्या हाती बटण लागलं. त्याच्या भोकांत माती होती. तिने ते बोटांवर चोळलं, वास घेतला. मुकादमाचा उंदीर.

दुसऱ्या दिवशी ती मुलीच्या मागून गेली. फाटकापाशी थांबली. सासरे गेले तेव्हा ती इथवरही आली नव्हती. राखणदाराने झाडू भिंतीला टेकवला.

"या आत. कोणी हाकलणार नाही."

"पोर काय करते इथे?"

"आता नुसती बसते. आधी शिकवायची."

"कोणाला?"

राखणदाराने हाताने जमीन दाखवली. मग काय ऐकलं ते सांगितलं: तीन प्रश्न, तीन उत्तरं, चुकली की पहिल्यापासून. "मला वाटायचं, दोन दिवसांत कंटाळेल. पण मोठी चिकाटीची आहे."

आईने पाहिलं. ओळीने दाबलेली बटणं, उन्हात दातांसारखी. पुढच्या बाजूला माती दाबताना उमटलेला हाताचा ठसा. आणि बादलीवर पाठमोरी तिची मुलगी.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो काच कापत होता. हिऱ्याची रेघ अर्ध्यात थांबली. मग म्हणाला, "लहान होतो तेव्हा दुकानात मी त्यांच्या आधी बोलून टाकायचो. लोक हसू नयेत म्हणून. एकदा ते म्हणाले, मला बोलू दे ना. मी दिलं नाही."

काच त्याने पुढे कापली. वाकडी तुटली.

*

टक.

*

परीक्षेच्या आदल्या दुपारी शिवणारी बाई आपाच्या खोलीवर गेली. बसली नाही.

"माझ्या मुलीला तुम्ही काय सांगितलंत?"

आपाला आठवायला वेळ लागला. आठवलं तेव्हा तिने खुर्चीची पाठ धरली.

"मला वाटलं, ती परीक्षेचं..."

"तिला सगळी एकच परीक्षा वाटते," आई म्हणाली. "आपणच सांगितलंय तसं तिला. मी नव्हते का सांगत? नीट म्हण, नाहीतर कबरीत काय सांगशील. मीही म्हटलंय, भाकरी थापता थापता."

खाली रस्त्यावर कोणीतरी खिळा ठोकत होतं. टक, टक. दोघींनी एकाच वेळी खिडकीकडे पाहिलं.

*

खोली भरली होती. पुढे पुरुष, पडद्यामागे बायका. आपासाठी मेजाच्या डावीकडे जागा, उस्ताद उजवीकडे, खळग्यापाशी. अध्यक्ष भिंतीला टेकून. दोन बाप आधीच उभे होते, एक रिक्षावाला आणि एक शाळेचा कारकून. दोघं दोन वेगवेगळ्या भिंतींकडे बघत होते.

सुईचं नाव पुकारलं. ती उठली. उभी राहिली.

"तेविसावा," उस्ताद म्हणाले.

ती गप्प. खोलीत खोकला, चुळबुळ. मागून एक पोर कुजबुजलं, "धागा." कोणीतरी त्याला गप्प केलं.

टक.

पडद्यामागे आईने ओठांनी पहिला शब्द म्हटला, नुसताच, आवाजाशिवाय. सुईला तो दिसला नसेल. पण तिने मान एका बाजूला वळवली, डोळे मिटले, आणि म्हणायला लागली. इतक्या दिवसांनी. पहिला अर्धा भाग झाला. मग मधला एक शब्द आला, आणि ती त्याच्यावर अडली. त्याच अक्षरावर परत, परत, परत.

टक.

ती थांबली नाही. पुन्हा त्या शब्दावर आली. उस्तादांची पेन्सिल वर गेली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता; सवय होती.

आपाने आपला तळहात मेजाच्या खळग्यावर ठेवला.

तिसरी टक तिच्या हाताच्या पाठीवर पडली. आवाज झाला नाही.

"हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

"तपासणी," आपा म्हणाली. "तुम्हीच सांगितली होतीत. मुलांची झाली, आता मोठ्यांची करते. ही जो धडा म्हणतेय, त्याचा अर्थ सांगा. कोणीही सांगा. तुम्ही सगळे हाच शिकलात."

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. उभे असलेले दोघं प्रथमच भिंतीवरून नजर काढून आपाकडे बघू लागले.

"अर्थ वरच्या वर्गात असतो," अध्यक्ष म्हणाले.

"वरच्या वर्गात किती जण गेले यातले?"

अध्यक्षांनी टोपी सारखी केली.

"मग मी सांगते. या धड्यात पैगंबरांचं सांगणं आहे. जो कुराण सफाईने वाचतो तो थोर फरिश्त्यांच्या सोबतीला. आणि जो अडखळत वाचतो, ज्याला एकेक शब्द जड जातो, त्याला दोन वाटे मिळतात. वाचल्याचा एक आणि कष्टाचा एक." ती सुईकडे वळली. "तू अडलीस ना, त्या शब्दाचा अर्थच 'अडखळतो' असा आहे."

पिढ्यान् पिढ्या याच वाक्यावर मुलांना टक पडत आली होती.

उस्तादांनी पेन्सिल मेजावर आडवी ठेवली. "मला येत होता अर्थ," ते हळूच म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. "मला कोणी विचारला नाही कधी."

सुई अजून उभी होती.

"आपा," ती म्हणाली. सगळे थांबले, थांबण्याशिवाय काही करता येईना. "म-मग कबरीत पण थ-थांबतात? आजोबांचं ब-बोलून होईपर्यंत?"



"थांबतात, बाळ. त्यांना घाई नसते. तिथे जीभ चालत नाही. माणूस जसा जगला तसं उत्तर येतं."

"त-तुम्ही तीन म्हणालात."

"चुकले मी," आपा म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगते, चुकले."

तेव्हा काचवाला उभा राहिला. तिसरी टक झालेली नव्हती. तरी उभा राहिला, पूर्ण उंचीने.

"अहो, बसा. अजून नापास नाही झाली ती," शेजारचा म्हणाला.

"माहितीय," काचवाला म्हणाला. "माझे वडील या खोलीतून उठून गेले तेव्हा त्यांच्यासाठी कोणी बोललं नाही. आजपासून माझ्या मुलीची परीक्षा अशी होणार नाही. आणि मी मान खाली घालून उभा राहणार नाही." मग त्या दोघांकडे वळून म्हणाला, "तुम्हीही बसा हो. पाय दुखले असतील."

रिक्षावाला बसला. कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं आणि उभाच राहिला.

*

सगळं लगेच बदललं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. अध्यक्षांनी परीक्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतली, आपाशिवाय. आकडे चांगले आले. आपाला कळवण्यात आलं की तपासणी संपली आहे. सुईचं नाव खालच्या चटईवरूनही निघालं.

आपा गावी परत गेली नाही. आता संध्याकाळी शिवणाऱ्या बाईच्या पुढच्या खोलीत काही मुलं बसतात, शर्टांच्या गठ्ठ्यांना टेकून. एक वाक्य म्हणायचं, मग त्याचा अर्थ, मग त्यावर जो येईल तो प्रश्न. तिथे मेज नाही. एकदा उस्ताद दाराशी आले, चपला न काढता बराच वेळ ऐकत राहिले आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात कपाटातलं अर्थाचं पुस्तक एका पोराच्या हाती पाठवलं. निरोप काही नव्हता.

सुई अजून अडते. तिच्यासाठी थांबतात.

त्या लांबट खोलीत मेज तसंच आहे, खळगाही. संध्याकाळी त्या गल्लीतून गेलात तर आवाज ऐकू येईल. आपण तो आपापल्या वस्तीत, आपापल्या देवाच्या नावाने, इतका ऐकलेला असतो की तो आवाज आहे हेच विसरतो. कोणत्या मुलासमोर आपण तिसरी टक मारली, आणि ते मूल त्यानंतर कुठे जाऊन बसलं, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

*

ज्या कबरीत सुईने बटणं लावली, ती आजोबांची नव्हती. मुलींना दफनाला नेत नाहीत, म्हणून तिने ताजी माती पाहून अंदाज केला. आजोबा भिंतीच्या पलीकडच्या रांगेत आहेत. ती कबर एका परक्या बाईची होती, जिला भेटायला कधी कोणी आलं नव्हतं. राखणदाराला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.